आज्ञावलीची सावड



पेरणीचे दिवस जवळ आले की ज्याच्या दावणीला एकच बैल आहे अशा शेतकऱ्याने दुसऱ्या तशाच शेतकऱ्याशी सावड करावी, दोघांचे बैल एका जुवाला जोडावेत, आज तुझे रान तर उद्या माझे, असा आमच्या राहात्याच्या परिसरातील जुना प्रघात. ज्याचे रान मोठे आणि वेळ थोडा, तो इर्जिक घाली. म्हणजे शेजारपाजारचे दहावीस नांगर एके दिवशी त्याच्या शेतात येत, आणि यजमानाने सर्वांस पोटभर जेवू घालावे एवढाच त्याचा मोबदला. ट्रॅक्टर आल्यापासून हे दोन्ही शब्द नव्या पिढीच्या कानांवर क्वचितच पडतात. परंतु शब्द मागे पडला म्हणजे वृत्तीही मेली असे नव्हे. आज जगभर लक्षावधी माणसे, एकमेकांची तोंडे न पाहता, एका निराळ्याच शेतावर अशीच सावड करीत आहेत. त्या शेताचे नाव मुक्त आज्ञावली. या कामात आपल्यापैकी अधिक लोकांनी, विशेषतः ज्यांस मराठी चांगले येते अशा लोकांनी, भाग घ्यावा हे सुचविण्याकरिता मी आज आपणांपुढे बोलत आहे.

आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करावे हे क्रमवार सांगणारा लेख. इंग्रजीत तिला सॉफ्टवेअर म्हणतात व आता मराठीतही तोच शब्द रुळला आहे. हा लेख माणूस लिहितो तेव्हा तो माणसाला वाचता येण्याजोगा असतो. पुढे त्याचे यंत्राला समजणाऱ्या अंकांत रूपांतर होते, आणि ते रूप मात्र आपणांस वाचून उलगडत नाही. माझे आयुष्य मुलांना गणित शिकविण्यात गेले, म्हणून मी शाळेतलाच दाखला देतो. पाटीवर उत्तर आहे, पण रीत पुसून टाकली आहे, अशी पाटी मुलाने आणली तर शिक्षक काय म्हणेल? उत्तर बरोबर असेलही. पण ते कसे आले, चुकले तर कोठे चुकले, हे कळण्यास मार्ग नाही. बाजारातील पुष्कळशा आज्ञावली अशा रीत पुसलेल्या पाट्या असतात. त्या विकत घ्याव्यात, वापराव्यात, आणि बिघडल्या तर बनविणाऱ्याची वाट पाहावी. मुक्त आज्ञावलीत उत्तराबरोबर रीतही देतात. ज्याला वाचायची त्याने वाचावी, सुधारावयाची त्याने सुधारावी, आणि सुधारलेली प्रत शेजाऱ्यास द्यावी.

ही कल्पना एका क्षुल्लक अडचणीतून बळावली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रसंस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ काम करीत. तेथील छपाईयंत्रात कागद वारंवार अडके. कागद अडकताच सर्वांस सूचना जावी अशी सुधारणा त्यांनी जुन्या यंत्रात केली होती; नव्या यंत्राच्या आज्ञावलीची रीत मात्र त्यांस कोणी दाखवीना. या अनुभवाने त्यांच्या मनात जे सुरू झाले त्याचे पर्यवसान १९८३ सालच्या सप्टेंबरात ग्नू नावाच्या कार्याच्या घोषणेत झाले. आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवावी, तिचा अभ्यास करून तीत बदल करावा, तिच्या प्रती वाटाव्यात, आणि बदललेल्या प्रतीही वाटाव्यात, अशी चार स्वातंत्र्ये त्यांनी सांगितली. १९८९ साली त्यांनी एक परवाना रचला. त्यातील मुख्य अट मोठी मार्मिक आहे: या आज्ञावलीत सुधारणा करून ती जो इतरांस देईल, त्याने रीतही दिली पाहिजे. सार्वजनिक विहिरीचे पाणी हवे तेवढे न्यावे, पण विहिरीवर आपले कुलूप लावू नये, असा हा नियम. पुढे १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर संगणकाचा गाभा लिहीत असल्याचे लोकांस कळविले व सूचना मागविल्या. तोच आजचा लिनक्स.

हौसेच्या त्या कामाचा विस्तार किती झाला हे सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल. आपल्या खिशातील अँड्रॉइड भ्रमणध्वनी लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. जगातील सर्वांत बलाढ्य अशा पाचशे महासंगणकांची यादी दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध होते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या यादीतील प्रत्येक यंत्रावर लिनक्स आहे. विकिपीडिया हा विश्वकोश ज्या आज्ञावलीवर उभा आहे ती मुक्त आहे, आणि त्या विश्वकोशाची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाली. डॉक्टर केतकरांना १९२० नंतरच्या दशकात ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढण्याकरिता कंपनी स्थापून भाग विकावे लागले, गावोगाव हिंडावे लागले. आज तसे काम हाती घेणाऱ्यास छापखान्याची व कागदाची चिंता नाही. चिंता आहे ती माणसांची.

आता कोणी म्हणेल, मास्तर, इतके मोठे कार्य विद्वान लोक करीतच आहेत. तेथे राहात्याच्या किंवा राहुरीच्या माणसाचे काय अडले आहे? या शंकेचे उत्तर २०२४ साली मिळाले, आणि ते थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. एक्सझेड नावाची एक लहानशी आज्ञावली आहे. मोठा मजकूर दाबून लहान करणे एवढेच तिचे काम. पण जगातील असंख्य संगणकांत ती बसविलेली असते. तिची निगा बहुतांशी एकच गृहस्थ, विनावेतन, फावल्या वेळात पाहत होते. ते थकले होते, प्रकृतीही साथ देत नव्हती. अशा वेळी एक मदतनीस पुढे आला. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे चांगले काम करून विश्वास संपादिला. त्याच सुमारास काही अनोळखी नावांनी त्या थकलेल्या गृहस्थास तगादा लावला की, तुमच्याने काम होत नाही, दुसऱ्याच्या हाती द्या. अखेर त्या मदतनिसास अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या आरंभी त्याने त्या आज्ञावलीत चोरवाट ठेवली. ती सर्वत्र पसरली असती तर परक्या संगणकात शिरण्याची गुरुकिल्लीच एका अज्ञात हाती गेली असती.

ही चोरी पकडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याच्या लक्षात आले की, दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी तिकडे दुर्लक्ष केले असते. त्यांनी कारण शोधीत शोधीत मूळ गाठले, आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जगजाहीर केले. रीत उघडी होती म्हणूनच त्यांस मुळापर्यंत जाता आले, हे खरे. पण रीत उघडी असूनही ती वाचणारे डोळे थोडे होते, हेही तितकेच खरे. एका थकलेल्या माणसाभोवती आणखी चार भली माणसे असती, तर त्या मदतनिसाची एवढी गरजच भासली नसती. आपल्या गावातील वाचनालय एकाच वृद्ध चिटणिसाच्या खांद्यावर चाललेले असते. तो गेला की कुलूप. त्याचीच ही मोठी आवृत्ती होय.

तथापि मराठी माणसाने या कामात पडावे याचे याहून जवळचे कारण आहे, ते आपल्या भाषेचे. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाखांवर आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आनंद आपण सर्वांनी केला. पण संगणकावर मराठी नीट उमटते का, हे पाहण्याचे काम दर्जा मिळाल्याने आपोआप होत नाही.

एक उदाहरण घ्या. मी मुलांना फळ्यावर दोन शब्द लिहून दाखवीत असे: दर्या आणि दऱ्या. पहिला समुद्र, दुसरे डोंगरातील खोलगट भाग. तसेच आचार्यास आणि आचाऱ्यास. एका ठिकाणी गुरूस नमस्कार करावयाचा, दुसऱ्या ठिकाणी स्वयंपाक्यास मीठ कमी घालावयास सांगावयाचे. सर्व भेद त्या आडव्या, पापणीसारख्या र मध्ये आहे. हिंदीत या र चे कारण पडत नाही, म्हणून देवनागरी म्हणजे हिंदी असे समजून जो अक्षरसंच घडवील त्याच्या हातून तो सुटून जाण्याचा संभव. शिवाय युनिकोडच्या व्यवस्थेत हा र दोन निरनिराळ्या प्रकारे टंकता येतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात; पण संगणकास ते भिन्न वाटू शकतात, आणि मग एकाने लिहिलेल्या दऱ्या दुसऱ्याला शोधूनही सापडत नाहीत. मराठी ल आणि श यांची वळणेही हिंदीहून निराळी आहेत. मुक्त अक्षरसंचांत मराठी वळणांची सोय करता येते व काहींत ती केलेली आहे. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी मुक्त व बलू यांसारखे सुरेख अक्षरसंच मुक्त परवान्याने सर्वांस दिले आहेत. पण प्रत्येक ठिकाणी अक्षर नीट उमटते की नाही हे पाहून, न उमटल्यास कळविणारा माणूस पाहिजे. त्याला आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. त्याला दर्या आणि दऱ्या यांतील भेद कळला पाहिजे, आणि तो तर चौथीच्या मुलासही कळतो.

दुसरे उदाहरण माझ्या गावाच्या नावाचेच. संगणकाच्या सूचनांत मध्ये रिकामी जागा सोडलेली असते व तीत यंत्र आयत्या वेळी नाव भरते. इंग्रजीत नाव कोणतेही असो, आधीचा शब्द जसाच्या तसा चालतो. मराठीत नामाला विभक्ती लागताना त्याचे सामान्यरूप होते. आपण 'राहात्याला गेलो', 'राहात्यात पाऊस पडला' असे म्हणतो. यंत्र मात्र बिनदिक्कत 'राहाता ला' आणि 'राहाता मध्ये' असे लिहून मोकळे होते. ज्यास व्याकरण ठाऊक आहे तो भाषांतरकार अशा वेळी वाक्याची ठेवणच बदलतो, 'ठिकाण: राहाता' असे लिहितो, आणि प्रश्न मिटतो. तीच गोष्ट वचनाची व लिंगाची. एक फाइल पुसली, पाच फाइली पुसल्या, एक चित्र पुसले. इंग्रजीत क्रियापद जागचे हलत नाही, आपल्याकडे ते प्रत्येक वेळी वेश बदलते. दामल्यांचे व्याकरण ज्यांनी घोकले त्या माझ्या समव्यवसायी बंधुभगिनींनी येथे आपली विद्या वापरावी. निवृत्तीनंतर वेळ जात नाही अशी तक्रार मी पारावर रोज ऐकतो.

शब्द कोणते वापरावेत याविषयी मात्र दोन मते आहेत, आणि वादही पुष्कळ होतात. फाइलला धारिका म्हणावे काय? सेव्हला जतन करा म्हणावे की साठवा? छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला, त्यातील बरेचसे संस्कृत शब्द कोशातच राहिले. सावरकरांनी पुरस्कारिलेले दिनांक व महापौर हे शब्द मात्र आज खेड्यातला माणूसही उच्चारतो. शब्द टिकेल की नाही हे आधी सांगता येत नाही. माझे स्वतःचे मत असे की, जो शब्द शेतकऱ्याच्या व गृहिणीच्या तोंडी बसला आहे तो, मूळचा इंग्रजी असला तरी, राहू द्यावा. आणि जेथे इंग्रजीही लोकांस परके आहे तेथे सोपा मराठी शब्द योजावा. कोणास हे पटणार नाही. त्यांनी येऊन वाद घालावा; वाद घालण्यास तरी माणसे हवीत. काही कार्यांत असा नियम असतो की ठरावीक प्रमाणाइतके भाषांतर झाले नाही तर ती भाषा यादीत दाखवीतच नाहीत. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी या आज्ञावली मराठीत आहेत त्या कोणीतरी बसून ओळीमागून ओळ भाषांतरिली म्हणून. नवी आवृत्ती निघाली की नव्या ओळी येतात. काम कधी पुरते संपत नाही.

रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, खैराट म्हणून एक लहान वस्ती आहे. तेथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे संगणक देण्यात आले. प्रत्येक मुलास एक संगणक, अशी ती जागतिक योजना होती. त्या यंत्रांवरील शुगर नावाची आज्ञावली मुक्त होती, म्हणजे तिच्यातील शब्द मराठी करण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नव्हती. ती जागतिक योजना पुढे तितकीशी फळली नाही, हे सांगितले पाहिजे. यंत्र स्वस्त झाले म्हणजे शिक्षण होते ही समजूत भाबडी होती. परंतु मराठीखेरीज दुसरी भाषा न जाणणाऱ्या मुलाने यंत्र उघडावे आणि त्याला आपल्या भाषेत वाचावयास मिळावे, यासाठी कोणाची आर्जवे करावी लागू नयेत, एवढा भाग त्यातून घेण्याजोगा आहे.

नकाशाचेही असेच. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक सार्वजनिक नकाशा २००४ साली इंग्लंडात सुरू झाला व आता साऱ्या जगाचा आहे. २०१५ साली नेपाळात भूकंप झाला तेव्हा निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी घरबसल्या रस्ते व वस्त्या त्यावर रेखाटल्या, आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. आमच्याकडे भक्तगण शिर्डीस येतात, त्यांस शिर्डी कोणत्याही नकाशावर मिळते. पण गोदाकाठच्या वाड्या, मळ्यांतील वस्त्या, पाटाच्या चाऱ्या, पेरूच्या बागांतून जाणारे शिवरस्ते हे कोणास ठाऊक? तेथल्या माणसास. रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेला वस्ती सापडत नाही म्हणून कोणीतरी विजेरी घेऊन रस्त्यावर उभे राहते, हे आपण पाहतो. मी गेल्या वर्षापासून माझ्या नातवाच्या साह्याने आमच्या बाजूच्या काही वस्त्यांची नावे मराठीत त्या नकाशावर नोंदवीत आहे. नातू रेषा काढतो; नाव वाडी की वस्ती, ऱ्हस्व की दीर्घ, हे मी पाहतो. अशी जोडी पुष्कळ घरांत जमण्यासारखी आहे.

एका आक्षेपास मात्र टाळून चालणार नाही. लोक विचारतात, आम्ही फुकट राबावे आणि कंपन्यांनी त्यावर गब्बर व्हावे, हा कोठला न्याय? प्रश्न रास्त आहे. लिनक्सवर व्यवसाय करणारी रेड हॅट ही कंपनी आयबीएमने २०१९ साली ३४ अब्ज डॉलरांस घेतली. लिनक्सच्या गाभ्याचे बहुतेक काम आता निरनिराळ्या कंपन्यांचे पगारी नोकर करतात, आणि एक्सझेडसारख्या लहान कामांकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. ही विषमता आहे, व तीविरुद्ध बोलले पाहिजे. तरीपण आमच्या तालुक्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाने, शेतकऱ्यांचे भाग जमवून सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा ज्याचा एकच भाग होता त्यालाही सभेत एक मत होते. मुक्त आज्ञावलीत आपण एक ओळ घातली, तर सबंध आज्ञावली आपली होते. कंपनीने पैसे मिळविले म्हणून आपल्या हातची प्रत उणी होत नाही. आपल्या मराठी ओळी उद्या ती कंपनी बुडाली तरी राहतात, आणि दुसरा कोणी त्या उचलून पुढे नेऊ शकतो. तरुणांस आणखी एक लाभ आहे. आपण केलेले काम नावानिशी सर्वांस पाहावयास मिळते, आणि नोकरी देणारे ते पाहतात. मुंबईच्या फ्रापे कंपनीने केलेली ईआरपीनेक्स्ट ही जमाखर्चाची आज्ञावली पुरती मुक्त असून जगात अनेक ठिकाणी वापरली जाते, तेव्हा असे काम आपल्या मुलखातही होते.

आता प्रत्यक्ष आरंभ कसा करावा ते सांगतो. जी आज्ञावली आपण रोज वापरता तिथूनच सुरुवात करावी. तीत काही खटकले तर ते लिहून कळवावे. पण 'चालत नाही' एवढेच लिहू नये. वैद्याकडे जाऊन 'बरे नाही' म्हटल्याने औषध मिळत नाही. आपण काय केले, काय व्हावे अशी अपेक्षा होती, आणि काय झाले, ही तीन वाक्ये लिहावीत, आणि कोणत्या यंत्रावर, कोणत्या आवृत्तीत, तेही. तत्पूर्वी तीच तक्रार दुसऱ्या कोणी केली आहे काय ते पाहावे. अनेक कार्यांत नवख्यांसाठी सोपी कामे मुद्दाम खूण करून राखून ठेवलेली असतात. त्यांतले एक, अगदी लहान, घ्यावे आणि तडीस न्यावे. पहिल्याच दिवशी सारी इमारत पाडून नवी बांधण्याची सूचना करणारे गृहस्थ सर्वत्र आढळतात, व सहसा दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत. आपले लिखाण कोणी तपासून परत पाठविले तर अपमान मानू नये. शाळेत वह्या तपासून परत देत तसेच ते आहे. उत्तरास विलंब लागला तर आठवडाभर थांबून सौम्य आठवण द्यावी, कारण पलीकडचा मनुष्यही दिवसभराची नोकरी करून रात्री बसलेला असतो. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते. इतर देशांतील किती तरी लोकांचे इंग्रजी आपल्याहून मोडके असते.

मुलींना व गृहिणींना मी आवर्जून सांगतो की येथे समोरासमोर जावे लागत नाही, वेळेचे बंधन नाही, आणि काम कोणाचे हे न पाहता काम कसे आहे तेच पाहावे असा या मंडळींत दंडक आहे. तो सर्वत्र सारखा पाळला जातो असे मी म्हणणार नाही. पण पुष्कळ कार्यांनी वर्तनाचे लेखी नियम केले आहेत व ते मोडणाऱ्यास बाहेर काढतात. प्रवेश करण्यापूर्वी ते नियम वाचून घ्यावेत.

ज्यांस टंकलेखन मुळीच येत नाही त्यांनाही एक काम आहे. मोझिला संस्थेच्या कॉमन व्हॉइस या कार्यात निरनिराळ्या भाषांतील बोलणे साठविले जाते, म्हणजे पुढे यंत्रांना त्या भाषा ऐकून समजाव्यात. त्यात मराठीही आहे. पडद्यावर एक वाक्य येते, ते आपण मोठ्याने वाचावयाचे. काही सेकंदांचे काम. किंवा दुसऱ्याने वाचलेले ऐकून बरोबर की चूक एवढे सांगावयाचे. जमा झालेला संग्रह कोणासही विनामूल्य वापरता येतो. तेथे पुण्याकडचाच आवाज गोळा झाला, तर यंत्राला नगरी बोली, वऱ्हाडी, मालवणी, अहिराणीच्या शेजारचे मराठी हे सारे अशुद्ध वाटू लागेल, आणि आपण फोनवर बोललो तर ते पुनःपुन्हा 'समजले नाही' म्हणेल. म्हणून आजीबाईंनीही वाचावे. चष्मा लावून, शांत खोलीत, पंखा बंद करून बसावे, कारण पंख्याचा आवाज बोलण्यात मिसळतो. आणि वाक्य रोजच्या बोलण्याच्या चालीवर म्हणावे, कविता म्हटल्यासारखे नको.